दारी आलेल्या प्रवाशालाही जागा हवी

कैऱ्या पाडाला लागल्या आणि शाळांच्या परीक्षा आटोपत आल्या, की मध्यमवर्गीय घरांत एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. यंदा सुटीत कोठे जावयाचे? एक काळ असा होता, की या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. मुले आजोळी जात, फार तर एखादी तीर्थयात्रा घडे आणि मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी सारे घरी परतत. आता आजोळच पुष्कळदा त्याच शहरातील दुसऱ्या वस्तीत येऊन राहिले आहे. रस्ते सुधारले आहेत, काही घरांत लहानशी मोटार आली आहे आणि मुलांनी चित्रांतून जग पाहिले आहे. तेव्हा वर्षातून चार दिवस घरातल्या चौघांनी मिळून बाहेर पडावे, ही इच्छा आता चैनीत मोडत नाही. परंतु 'कोठे जावयाचे' याचा विचार सुरू होतो न होतो तोच दुसरा प्रश्न वाटेत आडवा येतो: 'नोंदणी मिळेल काय?' त्याचे उत्तर नकारार्थी आले, की पहिल्या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

आगाऊ नोंदणी करून निघावे, की पिशव्या भरून सरळ रस्त्याला लागावे, हा वाद सामान्यतः स्वभावाचा समजला जातो. काही माणसे हिशेबी असतात, काही मनमौजी असतात, असे म्हणून तो हसण्यावारी नेला जातो. वस्तुतः तो केवळ स्वभावाचा वाद नाही. आगाऊ नोंदणी करण्यासाठी तीन गोष्टी हाताशी असाव्या लागतात: पुढील दोन महिन्यांचा काळ स्वतःच्या ताब्यात असणे, पैसा आधी गुंतवून ठेवण्याची ऐपत असणे आणि नेमक्या घटकेला खिडकीपाशी किंवा यंत्रापाशी हजर राहण्याची सवड असणे. ज्याच्यापाशी या तिन्ही गोष्टी आहेत, त्याला सुटी मिळते. ज्याच्यापाशी त्या नाहीत, त्याला केवळ रजा मिळते. प्रश्न घरगुती वाटला तरी तो सार्वजनिक आहे, तो या कारणाने.

वेळ कोणाच्या हातची?

बुलढाणा जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. तेरा तालुक्यांचा हा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दुभागलेला आहे. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग घाटाखालून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा निघून जातो. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण घाटावर, आणि तेथे रेल्वे नाही. जलंबहून निघालेला एक छोटा फाटा खामगावला येऊन थांबतो. तो पुढे जालन्यापर्यंत न्यावा, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा येथील कुटुंबाला रेल्वेने दूरचा प्रवास करावयाचा, तर आधी एस. टी.ने स्थानक गाठावे लागते. तेथे येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या बहुतेक दुसरीकडून भरून आलेल्या असतात आणि मधल्या स्थानकाच्या वाट्याला थोड्याच जागा येतात. अशा ठिकाणच्या प्रवाशाला आगाऊ नोंदणी ही सोय नसून निकड आहे.

रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ नोंदणीची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, हे योग्यच झाले. चार महिन्यांपूर्वी प्रवासाचा दिवस ठरविणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. परंतु साठ दिवसांचा हिशेबही करून पाहावा. १० मे रोजी निघावयाचे, तर ११ मार्चला तिकीट काढावे लागते. ११ मार्चला शिक्षक काय करीत असतो? तो मंडळाच्या परीक्षेच्या पर्यवेक्षणात किंवा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत बुडालेला असतो. कारकुनाच्या डोक्यावर मार्चअखेरचा हिशेब असतो. विद्यार्थ्याला आपली शेवटची प्रश्नपत्रिका कोणत्या तारखेला आहे, हेही पुष्कळदा ठाऊक नसते. ज्या वर्गाच्या हातात महाराष्ट्राच्या शाळा आणि कचेऱ्या चालतात, त्या वर्गाच्या हातात स्वतःचा मे महिना नसतो.

२०२४ साली लोकसभेची निवडणूक १६ मार्चला जाहीर झाली, बुलढाण्यात २६ एप्रिलला मतदान झाले आणि मतमोजणी ४ जूनला झाली. या मधल्या काळात ज्यांना निवडणुकीचे काम लागले, त्यांनी मार्चमध्ये काढून ठेवलेल्या तिकिटांचे काय झाले असेल, हे सांगावयास नको. २०२७च्या जनगणनेसाठी घरांच्या यादीचे काम एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या अवधीत, प्रत्येक राज्याने निवडलेल्या तीस दिवसांत करावयाचे, असे केंद्र सरकारने ठरविले. प्रगणक म्हणून आधी आठवण होते ती शिक्षकाची. राष्ट्रकार्य टाळावे असे कोणी म्हणत नाही. परंतु ज्याला बोलावणे केव्हाही येऊ शकते, त्याने दोन महिन्यांपूर्वी ठरवून मगच घराबाहेर पडावे, ही अपेक्षा विसंगत आहे. राज्य शासन आपल्या कर्मचाऱ्यांना दोन वर्षांतून एकदा स्वग्रामी जाण्यासाठी आणि चार वर्षांतून एकदा महाराष्ट्र पाहण्यासाठी रजा प्रवास सवलत देते. एका हाताने सवलत द्यावयाची आणि दुसऱ्या हाताने तारखा अनिश्चित ठेवावयाच्या, यामुळे ती सवलत अनेकदा कागदावरच राहते.

नोंदणीची बाजू

तथापि, आगाऊ नोंदणी म्हणजे निव्वळ अन्याय, अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. संगणक येण्यापूर्वीचे दिवस ज्यांना आठवतात, ते तरी तसे म्हणणार नाहीत. पहाटेपासून खिडकीसमोर रांग, जाड वहीत पेन्सिलीने लिहिलेली नावे, परतीच्या जागेसाठी दुसऱ्या स्थानकाला केलेली तार आणि या सर्वांवर मात करणारी ओळखीच्या माणसाची चिठ्ठी, असा तो कारभार होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा आरंभ झाला आणि २००२ सालापासून घरबसल्या तिकीट काढता येऊ लागले. त्यामुळे चिठ्ठीचे माहात्म्य बरेच ओसरले. मेहकरचा मास्तर आणि मुंबईचा व्यापारी एकाच यादीत, आलेल्या क्रमाने उभे राहिले. ही सुधारणा लहान नव्हे, आणि तिचा विसर पडता कामा नये.

दोष आहे तो नोंदणीत नसून 'फक्त नोंदणी' या वृत्तीत आहे. सर्वच जागा आधी वाटून टाकल्या, की ऐनवेळी आलेल्यासाठी काही शिल्लकच राहत नाही. हे ध्यानी येऊन रेल्वेने १९९७ साली तत्काळ योजना आणली. काही जागा आदल्या दिवसापर्यंत राखून ठेवावयाच्या, ही त्यामागील कल्पना उचितच होती. परंतु सुटीच्या हंगामात या जागा काही मिनिटांतच संपू लागल्या. दलालांची चलाखी वाढली, तेव्हा २०२५ साली तत्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणी सक्तीची करण्यात आली. चाळणी बारीक केल्याने खडे वेगळे निघतात, पण धान्य वाढत नाही. मूळची टंचाई जेथल्या तेथेच राहते.

निवासाच्या बाबतीत स्थिती याहून बिकट आहे. रेल्वेचे भाडे निदान छापील असते. खाजगी निवासगृहांचे दर गर्दी पाहून चढतात, आगाऊ घेतलेली रक्कम बेत रद्द झाल्यास पुष्कळदा परत मिळत नाही, आणि चित्रात दिसलेली खोली व प्रत्यक्ष मिळालेली खोली यांची भेट होतेच असे नाही. त्यातून फसवणुकीचा एक नवाच धंदा उदयास आला आहे. तीर्थक्षेत्रांची भक्तनिवासे आणि पर्यटनस्थळांची निवासगृहे यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून आगाऊ पैसे उकळले जातात, असा इशारा केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे यंत्रणेला एप्रिल २०२५ मध्ये जाहीररीत्या द्यावा लागला. 'आधी नोंदवा, नाहीतर मिळणार नाही' ही धास्ती ज्या समाजात मुरली, तेथे ठगांना भांडवल शोधावे लागत नाही.

शेगावचा धडा

या पार्श्वभूमीवर बुलढाणा जिल्ह्यातच एक वेगळी रीत वर्षानुवर्षे चालत आलेली आहे, याकडे लक्ष वेधावयास हवे. १८७८ साली गजानन महाराज शेगावी प्रकट झाले आणि १९१० साली त्यांनी समाधी घेतली. विदर्भाचे पंढरपूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावी बाराही महिने भाविकांचा ओघ असतो. येथील संस्थानाच्या भक्तनिवासांत खोल्या आगाऊ राखून ठेवण्याऐवजी आलेल्या क्रमाने देण्याची पद्धत रूढ आहे. येणाऱ्याने रांगेत उभे राहावे, ओळखपत्र दाखवावे, माफक रक्कम भरावी आणि किल्ली घ्यावी, इतका तो सरळ व्यवहार आहे.

श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी व्यवस्थेचा नमुना म्हणून या पद्धतीचा अभ्यास व्हावयास हवा. पहिली गोष्ट अशी, की 'नोंदणी नाही' याचा अर्थ 'शिस्त नाही' असा होत नाही. शेगावची स्वच्छता आणि सेवाधाऱ्यांची तत्परता यांची वाखाणणी महाराष्ट्रभर होते. दुसरी गोष्ट अशी, की खोली खरोखर येणाऱ्यालाच मिळते. दोन महिन्यांपूर्वी नोंदवून ऐनवेळी न फिरकणाऱ्याच्या नावाने ती कुलूपबंद पडून राहत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. मोटारीतून उतरलेला आणि एस. टी.तून उतरलेला, दोघेही एकाच रांगेत उभे राहतात.

या पद्धतीला मर्यादा आहेत, हेही मान्य केले पाहिजे. प्रकटदिन, रामनवमी किंवा ऋषिपंचमी या दिवसांत रांग लांबते आणि थांबावे लागते. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले बरोबर असणाऱ्यांना ते थांबणे जड जाते. म्हणूनच साऱ्या महाराष्ट्राने शेगावची नक्कल करावी, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण सर्व खोल्या आगाऊ विकून टाकणे हाच कार्यक्षम कारभाराचा एकमेव मार्ग आहे, हा समज मात्र शेगाव खोटा पाडते.

शेगावहून दरवर्षी पालखी पायी पंढरपूरला जाते, तीही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिच्या मुक्कामांची गावे ठरलेली असतात, वेळा ठरलेल्या असतात, कोणी कोठे पाणी द्यावयाचे तेही ठरलेले असते. वारीइतके काटेकोर नियोजन क्वचितच पाहावयास मिळेल. आणि तरीही वाटेवरच्या गावाने मुक्कामाला आलेल्या वारकऱ्याला 'तुमची नोंदणी आहे काय' असे विचारल्याचे कोणी ऐकलेले नाही. नियोजन गावाने करावे आणि मोकळीक प्रवाशाला मिळावी, हा तो क्रम आहे. आजच्या पर्यटनात तो नेमका उलटा झाला आहे. नियोजनाचा सारा भार प्रवाशावर आणि मोकळीक व्यवसायाला!

उघड्यावरचा मुक्काम

रेल्वे नको, निवासगृहही नको, आपली गाडी काढावी, तंबू आणि शिधा बरोबर घ्यावा आणि जेथे सांज होईल तेथे राहावे, असा विचार अलीकडे तरुण कुटुंबांत बोलून दाखविला जातो. तो परदेशी चित्रपटांतून आला असे समजण्याचे कारण नाही. बैलगाडीच्या काळात वऱ्हाडातील कुटुंबे लग्नाला, यात्रेला अशीच निघत. उन्हे चढली की आमराई पाहून बैल सोडावयाचे, तीन दगडांची चूल मांडावयाची, भाकरी भाजावयाची आणि उन्हे कलली की पुन्हा जुंपावयाचे. त्या प्रवासाला तिकीट नव्हते, पण त्यामागे एक अलिखित व्यवस्था होती. वाटेवर विहीर असे, गावात धर्मशाळा किंवा देवळाचा सभामंडप असे, आणि परक्याला पाणी नाकारणे हे पाप मानले जाई. १८६७ सालचा सराय कायदा परक्या राज्यकर्त्यांनी केला, परंतु सरायांची नोंद ठेवावी, विहिरी आणि खोल्या स्वच्छ राखाव्यात, पहारेकरी नेमावा आणि दरपत्रक लावावे, इतके त्यांनाही सुचले होते.

आज आमराया तुटल्या, विहिरींना कुंपणे पडली आणि धर्मशाळांची दुकाने झाली. मग तंबू ठोकावयाचा कोठे? लोणारचे सरोवर डोळ्यांपुढे येते. बेसाल्टच्या खडकात उल्केच्या आघाताने घडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर जगातील दुर्मिळ आश्चर्य आहे. २०२० साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. परंतु ते अभयारण्य आहे. त्याच्या काठावर चूल पेटविता येणार नाही आणि येऊही नये. सातपुड्याच्या पायथ्याचे अंबाबरवा आणि बुलढाणा-खामगाव परिसरातील ज्ञानगंगा यांचीही तीच गोष्ट. टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरांहून अधिक भटकंती करून त्या वर्षाच्या अखेरीस ज्ञानगंगेत पोचला. त्याला वाटेत कोणी नोंदणी विचारली नाही, हे खरे. माणसाला मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवान्यावाचून प्रवेश नाही, आणि तेथे आग लावणे हा गुन्हा आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ वनखाते वणव्याचा काळ मानते. नेमका हाच काळ सुटीचा असतो. हौसेची एक शेकोटी शेकडो हेक्टर रान जाळू शकते, हे विसरून चालणार नाही.

रस्त्यांचीही एक बाजू आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो मुंबईच्या दिशेने पूर्ण झाला. मेहकर, सिंदखेड राजा ही गावे त्यामुळे एकाएकी मुंबईच्या जवळ आली. पण याच महामार्गावर सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा येथे १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर एका खाजगी बसला आग लागून पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या अपघाताच्या कारणांची चिकित्सा हा वेगळा विषय आहे. परंतु मार्ग खुला झाला तेव्हा त्यावर विसाव्याच्या जागा पुरेशा नव्हत्या, ही तक्रार सर्वत्र ऐकू येत होती. कोठे थांबावे हे ठाऊक नसलेला किंवा थांबण्याचा खर्च न परवडणारा कुटुंबप्रमुख 'रात्रीतून गाठू' असे म्हणून गाडी हाकीत राहतो. मागे मुले झोपलेली असतात आणि पुढे त्याचेही डोळे मिटू लागतात. मुक्कामाची सोय हा सुखसोयीचा प्रश्न असतो तसाच तो जिवाचाही प्रश्न असतो.

भार कोणावर?

नोंदणीशिवाय निघण्याचे कौतुक करणारे बहुधा पुरुष असतात, हेही येथे नोंदविले पाहिजे. 'मिळेल तेथे राहू, मिळेल ते खाऊ' हे वाक्य ऐकावयास मोठे रम्य आहे. पण रात्री आठ वाजता अनोळखी गावात खोली मिळाली नाही, की त्या रम्यतेची किंमत घरातील गृहिणी चुकविते. शौचालय कोठे आहे, लहानग्याचे दूध नासले तर काय, वयात आलेल्या मुलीला घेऊन कोठल्या ओसरीवर पडावयाचे, सासूबाईंच्या गोळ्या पाण्यावाचून कशा द्यावयाच्या, हे प्रश्न तिला पडतात आणि सहलीभर पडत राहतात. मे महिन्यात घाटाखाली पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा पाण्याची एक कळशी कमी पडणे ही साधी अडचण राहत नाही. घरातील एकाची मौज दुसऱ्याच्या काळजीवर उभी राहत असेल, तर तिला कौटुंबिक सहल म्हणता येणार नाही.

यावरून एक साधा व्यवहारी नियम निघतो. रात्र बांधून घ्यावी, दिवस मोकळा ठेवावा. निवाऱ्याचे ठिकाण, पाणी, औषध आणि परतीची वाट या गोष्टी आधी ठरविलेल्या असाव्यात. सिंदखेड राजाला जिजाऊंचे जन्मस्थान पाहताना किती वेळ रेंगाळावयाचे, लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची शिल्पे पाहून मग कोणत्या वाटेने वळावयाचे, हे मात्र मुलांच्या कुतूहलावर सोडावे. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मानाने साधारण आठवडाभर उशिरा उघडतात. जूनच्या उत्तरार्धातील तो आठवडा गर्दी ओसरल्याचा असतो. ज्याला आगाऊ नोंदणी साधलेली नाही, त्याने तो वाया घालवू नये.

काय करता येईल?

परंतु सगळा शहाणपणा प्रवाशानेच दाखवावा, हे न्याय्य नव्हे. शासनाला आणि स्थानिक संस्थांना फारशा खर्चावाचून करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. १९७५ साली स्थापन झालेल्या पर्यटन विकास महामंडळाने आणि इतर सार्वजनिक निवासस्थानांनी आपल्या खोल्यांचा एक निश्चित हिस्सा, निदान चौथा भाग, प्रत्यक्ष येणाऱ्यांसाठी संध्याकाळपर्यंत राखून ठेवावा. बांधकाम खात्याची विश्रामगृहे अधिकाऱ्यांसाठी असतात, हे ठीक. पण ती रिकामी असताना सामान्य कुटुंबाला ठरलेल्या दराने, शिफारशीवाचून मिळावीत आणि दराचा फलक दाराशी असावा.

जिल्हा परिषदेच्या शाळा मे महिन्यात बंद असतात. पालख्यांच्या वाटेवर याच शाळा वारकऱ्यांना आसरा देतात. मग पर्यटनस्थळांजवळच्या निवडक शाळांची दोन-दोन दालने, पाणी, दिवा आणि शौचालय यांसह, माफक शुल्कावर कुटुंबांना का देऊ नयेत? त्यासाठी पगारी राखणदार नेमावा. हेही काम शिक्षकाच्या गळ्यात घालू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी. मिळालेल्या शुल्कातून शाळेची दुरुस्ती होईल. त्याचप्रमाणे राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचे आणि २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याचा लाभ मोठ्या वाहनवाल्यांपुरता न राहता लहान मोटारीतून किंवा एस. टी.ने येऊन तंबू ठोकणाऱ्यालाही मिळावयाचा, तर अभयारण्याच्या हद्दीबाहेर ग्रामपंचायतींनी सावलीचे एक मैदान, पाण्याचा नळ आणि स्त्रियांसाठी सुरक्षित स्वच्छतागृह एवढी सोय करावी. गावाला उत्पन्न मिळेल आणि रानाचे रक्षणही होईल.

एस. टी.ने तर या बाबतीत पूर्वीच वाट दाखविली आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी धावलेली ही गाडी पुढे खेडोपाडी गेली. 'हात दाखवा, गाडी थांबवा' हे तिचे ब्रीद आणि चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' हा तिचा पास, या दोहोंत एकच भावना आहे. प्रवाशाला आधीपासून सर्व ठाऊक नसते, आणि तसे ते नसणे हा त्याचा गुन्हा नव्हे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे लागू झाल्याने कुटुंबाचा खर्चही हलका झाला. शेगाव, लोणार, सिंदखेड राजा आणि बुलढाणा यांना जोडणाऱ्या, उशिरापर्यंत चालणाऱ्या सोयीच्या फेऱ्या सुटीपुरत्या तरी निघाल्या, तर मोटार नसलेले घरही जिल्हा पाहू शकेल. आणि शेवटचे, पण सर्वांत स्वस्त काम म्हणजे सुटीच्या, परीक्षांच्या आणि नेमणुकांच्या तारखा वेळेवर जाहीर करणे. त्याला एक पैसाही पडत नाही.

स्वतःचा जिल्हा ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिला नाही, त्याला देशाचा भूगोल पाठ होईल, पण कळणार नाही. लोणारच्या काठावर उभे राहिलेल्या मुलाला पृथ्वीचे वय पुस्तकावाचून उमगते. सिंदखेडच्या वाड्यात शिरलेल्या मुलीला इतिहासात आपलीही जागा आहे असे वाटू लागते. हे शिक्षण ज्यांची मार्चमध्ये नोंदणी झाली त्यांच्याच मुलांना मिळावे, अशी व्यवस्था नकळत उभी राहत आहे. ती मोडण्यासाठी नोंदणी बंद करण्याची गरज नाही. ज्याला जमेल त्याने खुशाल आधी नोंदवावे. पण ज्याला ते जमले नाही, जो उत्तरपत्रिका संपवून, हिशेब मिटवून, मिळालेल्या चार दिवसांच्या रजेत मुलांचा हात धरून दारी आला आहे, त्याच्यासाठी एक खोली, एक नळ आणि एक दिवा शिल्लक ठेवणे हे सुसंस्कृत राज्याचे कर्तव्य आहे. दारी आलेल्याला आधी पाणी द्यावे आणि मग नाव विचारावे, ही वऱ्हाडातील घराघरांची रीत आहे. ती सरकारी फलकावरही यावी, एवढीच अपेक्षा.